गाडीला वेगळ्या मापाचे टायर आणि रिम: आधी काय मोजायचं, मग काय घ्यायचं

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. दुकानात टांगलेली रिम आवडते, मग त्या रिमवर बसेल असा टायर शोधला जातो, आणि हा टायर आपल्या गाडीला चालतो का, हा प्रश्न पहिल्या स्पीडब्रेकरवर मडगार्ड घासल्याचा आवाज आला की पडतो. तोवर पैसे गेलेले असतात. घासलेला टायर दुकानदार परत घेत नाही.

बरोबर क्रम असा: आधी टायरचा बाहेरचा व्यास, मग वजन पेलायची क्षमता, मग रुंदी, मग रिमची मापं आणि सगळ्यात शेवटी डिझाइन. पुढचे टप्पे याच क्रमाने लिहिलेत. मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेतली आहे. एक तर ती माझ्याकडे आहे, आणि दुसरं म्हणजे या गाडीच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ अशी दोन मापं कंपनीच देत आलेली आहे. त्यामुळे हिशेब पडताळून बघायला सोपं जातं. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे तुमचे घाला, रीत तीच.

## तयारी

मोजपट्टी, मोबाइलचा टॉर्च, कॅल्क्युलेटर, वही, खडू, कणकेचा छोटा गोळा (हसू नका, सहाव्या टप्प्यात लागणार आहे) आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका. घरात वजनकाटा असेल तर तोही. गाडी सपाट जागेवर उभी करा. हे सगळं दुकानात उभ्या उभ्या करायचं काम नाही. तिथे मागे हॉर्न वाजत असतात आणि टायरवाला "साहेब, सगळे हेच बसवतात" म्हणत असतो.

## १. गाडीचं मूळ माप लिहून काढा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. पहिली नोंद त्या स्टिकरवरून घ्या, चाकावरच्या टायरवरून नाही. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलंय याचा भरवसा नसतो. चुकीच्या मापाला मूळ धरून हिशेब केला की पुढचं सगळं चुकतं.

आता टायरवरचा मजकूर. समजा लिहिलंय: १८५/६५ आर १५ ८८ एच.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ही मिलिमीटरमध्ये नाही. ती रुंदीच्या ६५ टक्के असते. इथेच अर्धे लोक घसरतात. १६५/६५ आणि १८५/६५ यांच्या भिंती सारख्या उंचीच्या नसतात, कारण ६५ टक्के वेगवेगळ्या आकड्यांचे आहेत. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भारांक आणि एच ही वेगाची श्रेणी. या दोन्हींकडे चौथ्या टप्प्यात येतो.

तपासा: चारही टायर आणि स्टेपनी यांची मापं वेगवेगळी लिहा. अनेक गाड्यांना कंपनीच स्टेपनी लहान रिमची देते. ते आत्ताच कळलेलं बरं.

## २. बदल कशासाठी, ते एका ओळीत लिहा

"गाडी रुबाबदार दिसावी" हे उत्तरही चालेल, पण लिहा. कारण प्रत्येक उत्तराचं माप वेगळं निघतं.

ब्रेक लावल्यावर आणि वळणावर पकड हवी असेल तर रुंदी थोडी वाढवणं आणि त्याहून जास्त म्हणजे चांगल्या प्रतीचा टायर घेणं, एवढ्याने काम होतं. नवी रिम लागत नाही. खड्ड्यांचा त्रास कमी व्हावा असं वाटत असेल तर मोठी रिम हा उपाय नाहीच, तो उलट आजार आहे. बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की मधली रबराची भिंत कमी होते. आकडे बघा:

१६५/८० आर १४: भिंत १३२ मिमी
१८५/६५ आर १५: भिंत १२० मिमी
१९५/५५ आर १६: भिंत १०७ मिमी
२०५/४५ आर १७: भिंत ९२ मिमी

चौदावरून सतरावर गेलात तर ४० मिमी रबर गेलं. खड्ड्याचा दणका आधी हे रबर खात होतं, आता रिम खाणार. पत्र्याची रिम वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जातो. टायरच्या भिंतीतले धागे तुटून फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याची गाडी पावसाळ्यात कोकणात जाते किंवा रोज शहरातल्या खोदलेल्या रस्त्यांवरून जाते, त्याने कंपनीच्या मापापेक्षा एक इंच वर जावं आणि तिथे थांबावं. दोन इंच वर गेलेले माझे दोन मित्र आहेत. दोघांकडेही रिम सरळ करणाऱ्याचा नंबर पाठ आहे.

रुंदीचंही तसंच. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर छान पकडतो. साचलेल्या पाण्यावर मात्र तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगायला लागतो, कारण त्याला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं.

## ३. बाहेरचा व्यास जुळवा

सूत्र साधं आहे. रिमचे इंच गुणिले २५.४. त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची, कारण भिंत वरही आहे आणि खालीही. खालची भिंत विसरणं ही नेहमीची चूक.

१६५/८० आर १४ चा हिशेब: १४ × २५.४ = ३५५.६. भिंत १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२. दोनदा धरून २६४. एकूण ६१९.६ मिमी.

याच्याशी बाकीची मापं ताडून बघा:

१८५/६५ आर १५: ६२१.५ मिमी, फरक ०.३ टक्के जास्त
१९५/५५ आर १६: ६२०.९ मिमी, ०.२ टक्के जास्त
२०५/४५ आर १७: ६१६.३ मिमी, ०.५ टक्के कमी
१९५/६५ आर १५: ६३४.५ मिमी, २.४ टक्के जास्त
१८५/६० आर १५: ६०३ मिमी, २.७ टक्के कमी
१९५/५५ आर १५: ५९५.५ मिमी, ३.९ टक्के कमी

फरक २ टक्क्यांच्या आत ठेवा. ३ टक्के ही शेवटची मर्यादा, आणि तीही नाइलाज असेल तरच. पहिली तीन मापं व्यासाच्या परीक्षेत पास आहेत (पास झाली म्हणजे घ्यायची असं नाही, सतराबद्दल वर बोललोच). शेवटचं माप सरळ बाद.

एवढ्याशा फरकाने काय होतं? मीटरला टायरचा आकार माहीत नसतो, तो चाकाचे फेरे मोजतो. १९५/६५ आर १५ बसवला तर मीटरवर जिथे १०० दिसतात तिथे गाडी आधीपेक्षा २.४ किमी जास्त वेगाने धावत असते. किलोमीटरची नोंदही तेवढीच कमी होते. उलट, छोट्या व्यासाने गाडी रस्त्याच्या जवळ येते. १९५/५५ आर १५ ने ती १२ मिमी खाली येईल. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांना १२ मिमी पुरतात.

सावधान: पुढच्या आणि मागच्या टायरचा व्यास वेगवेगळा ठेवू नका. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करून काम करतं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत हा फरक थेट गिअरच्या यंत्रणेला खातो.

## ४. भारांक आणि वेगश्रेणी

हा टप्पा दुकानात कुणी काढत नाही, म्हणून तुम्हीच काढायचा.

भारांक म्हणजे एका टायरने किती किलो पेलायचे त्याचा सांकेतिक आकडा. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. वेगश्रेणीत एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०.

नियम एकच: नव्या टायरचा भारांक स्टिकरवरच्या किंवा पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी नको. वेगश्रेणीही कमी नको.

"मी कुठे १८० ने जाणार आहे" असं म्हणून ही श्रेणी सोडू नका. वेगश्रेणी टायर उष्णता किती सोसतो तेही सांगते. मे महिन्यात भरलेल्या गाडीने नागपूरकडे सलग चार तास जाणाऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

आता सापळा बघा. मूळ टायर १८५/६५ आर १५, भारांक ८८. दुकानात तो शिल्लक नाही. दुकानदार म्हणतो, १८५/६० घ्या, रुंदी तीच, रिम तीच, दिसायलाही सारखा. त्या मापात भारांक सहसा ८४ मिळतो. म्हणजे प्रत्येक चाकामागे ६० किलो क्षमता गेली. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, वर कॅरिअर, अशा गाडीला ते ६० किलो हवे असतात.

टायरवर एक्सएल लिहिलेलं असेल तर तो जादा भाराचा टायर. पण तो पूर्ण भार पेलतो तो जास्त दाबावर. ८८ भारांकाचा साधा टायर आणि ८८ एक्सएल यांत सारखीच हवा भरली तर एक्सएल कमी वजन उचलतो. तेव्हा एक्सएल घेतला तर हवेचा आकडा बदलणार, हे वहीत टिपून ठेवा.

## ५. कायदा आणि विमा

थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा तोच अर्थ पक्का केला. म्हणून सगळ्यात बिनधोक निवड कोणती, तर तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जे माप देते ते. स्विफ्टच्या बाबतीत १८५/६५ आर १५. मी तेच घेतलं.

मडगार्डच्या बाहेर डोकावणारा टायर घेऊ नका. नव्या अलॉयची माहिती विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिल जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, तेही तोंडी नको.

## ६. रिमची मापं

टायर ठरला. आता रिम, आणि हाच खरा किचकट भाग. रिमवर पाच गोष्टी जुळाव्या लागतात. चार जुळून पाचवी हुकली तरी चाक बसतं. पण ते पाहिजे तसं बसत नाही, आणि ते लगेच कळतही नाही.

रुंदी. रिमच्या आतल्या बाजूला ५.५ जे, ६ जे असं कोरलेलं असतं. ही इंचांतली रुंदी. १८५/६५ टायरला ५ ते ६.५ जे चालते, ५.५ किंवा ६ उत्तम. १९५/५५ ला ५.५ ते ७ जे. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची टूम आहे. तसं केलं की टायरची कड उघडी पडते आणि फुटपाथला रिम आधी लागते.

पीसीडी. नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्टला ४ × १००, म्हणजे चार भोकं, १०० मिमीचं वर्तुळ. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की झालं. पाच भोकांना समोरासमोर जोडी नसते, तिथे कोरलेला आकडाच वाचा. क्रेटाला ५ × ११४.३ लागतं. त्याच्या अगदी जवळचं ५ × ११२ हेही बाजारात असतं. दोन-अडीच मिलिमीटरचा फरक, नट तिरके ओढले की "बसलं". तसं बसलेलं चाक कुणालाही चालवायला देऊ नका, स्वतःही चालवू नका.

मधलं भोक. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीकडचा भाग. त्याच्या गोल उंचवट्यावर रिम बसते ते भोक. सुझुकी आणि ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांत ते ५४.१ मिमी असतं, होंडा सिटीला ५६.१, पोलोला ५७.१. बाहेरच्या अलॉयवाल्यांना एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते, म्हणून ते भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१. मधली फट भरायला कडी लागते: बाहेरून ७३.१, आतून ५४.१.

ही कडी न घेण्याची चूक मी स्वतः केली आहे. दुकानदाराने विचारलं नाही, मला माहीत नव्हतं. गाडी ७० पर्यंत लोण्यासारखी, ९० ला स्टेअरिंग थरथरायला लागायचं. तीन वेळा बॅलन्सिंग केलं, दोन वेळा अलाइनमेंट. एकाने तर टायरच सदोष ठरवले. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चाक काढलं, भोकात दोन बोटं घालून फिरवली आणि म्हणाला, "अहो, हे नटांवर लटकलंय." प्लास्टिकच्या चार कड्या घातल्या आणि थरथर गेली. कड्यांची किंमत तीन बॅलन्सिंगपेक्षा कमी होती.

उलट प्रकार, म्हणजे रिमचं भोक हबपेक्षा लहान असेल, तर चाक टेकतच नाही. ते घासून मोठं करून घेऊ नका.

ऑफसेट. रिमवर ईटी ४५, ईटी ३८ असं लिहिलेलं असतं. हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत.

पण रुंदी बदलली की नुसता ईटी बघून चालत नाही. समजा मूळ रिम ५.५ जे ईटी ४५ आहे. तुम्हाला आवडलेली ७ जे ईटी ३८. हिशेब करा:

जुनी: रुंदीचा अर्धा भाग ६९.९ मिमी. आतली कड हबपासून ६९.९ + ४५ = ११४.९. बाहेरची ६९.९ − ४५ = २४.९.
नवी: अर्धा भाग ८८.९. आतली कड ८८.९ + ३८ = १२६.९. बाहेरची ८८.९ − ३८ = ५०.९.

म्हणजे चाक आत शॉकॲब्सॉर्बरकडे १२ मिमी सरकलं आणि बाहेर मडगार्डकडे २६ मिमी. दोन्हीकडे घासायची तयारी झाली. याऐवजी ६ जे ईटी ४० घेतली तर आत जेमतेम १.३ मिमी आणि बाहेर ११ मिमी. ही चालण्यासारखी. ६ जे ईटी ४५ असेल तर दोन्हीकडे सारखंच, ६ मिमीच्या आसपास.

ऑफसेट जुळत नाही म्हणून मध्ये स्पेसरची चकती घालून देतो असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या रिमचं बघा. चकतीमुळे नट कमी आटे पकडतात.

नट. सुझुकीच्या बोल्टचे आटे १२ × १.२५, होंडा, ह्युंदाई, टोयोटाचे १२ × १.५. हाताने लावलेला चुकीचा नट एक-दोन फेऱ्यांत अडतो. हवेच्या गनने लावला तर अडत नाही, आटे कापत आत जातो. नटाचा टेकणारा भागही जुळला पाहिजे. होंडाच्या मूळ रिमला गोलाकार बुडाचा नट असतो, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचा लागतो. गोल बूड शंकूत घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण टेकतं ते एका बारीक रेषेवर. दोन दिवसांत सैल.

तपासा: रिमवर कमाल भार किलोमध्ये कोरलेला आहे का? चार रिमच्या क्षमतेचा हिशेब टायरसारखाच लावा. काहीच कोरलेलं नसलेली, वेल्डिंग केलेली, किंवा मागून नवा रंग मारलेली जुनी अलॉय घेऊ नका. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या कंपनी अलॉयचे चांगले सेट मिळतात, मात्र प्रत्येक रिम बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. जमलं तर वजनही करा. मूळ चाकापेक्षा नवं चाक प्रत्येकी दोन किलोने जड असेल, तर पिकअप आणि अॅव्हरेज दोन्हींत ते जाणवतं.

## ७. एक चाक बसवून बघा

चारही रिमवर टायर चढवण्याआधी एकाच रिमवर चढवा आणि ते चाक पुढे डावीकडे लावा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

आधी ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबणारा चिमटा. रिमच्या काड्यांच्या आतल्या बाजूला, कॅलिपरसमोर येईल अशा जागी, कणकेची सुपारीएवढी गोळी चिकटवा. चाक लावा, हाताने हळू एक फेरी फिरवा, काढा. गोळी किती चपटी झाली ती मोजा. ३ मिमीपेक्षा कमी उरली असेल तर नको. रिमचे इंच वाढवताना हा अडसर कमी येतो. इंच कमी करताना, उदाहरणार्थ सतरावरून सोळावर येताना, हमखास येतो.

मग गाडी जमिनीवर टेकवा. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. टॉर्च मारून टायर आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्यामध्ये करंगळी जाते का ते बघा. चिखल अडवणाऱ्या प्लास्टिकच्या अस्तराला आतून खडू फासा. आता चौघांना बसवा (दुकानातली पोरं हौसेने बसतात) आणि गाडी स्पीडब्रेकरवरून तिरकी न्या, स्टेअरिंग वळवलेलं असताना. परत येऊन खडू बघा. जिथे पुसला गेला तिथे टायर घासतोय.

मागच्या चाकालाही हाच प्रयोग करा. रिकाम्या गाडीत मागे भरपूर जागा दिसते आणि गणपतीला गावी जाताना ती संपते.

सावधान: "थोडं घासेल, मडगार्डची कड आत मुडपून देतो" याला हो म्हणू नका. माप चुकलंय. पत्रा बरोबर आहे.

## ८. टायर विकत घेताना

टायरच्या भिंतीवर डीओटीनंतरच्या मजकुरात शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर बघा. तीन नवे आणि एक दीड वर्ष गोदामात पडलेला, असा सेट मिळू शकतो. आयएसआयची खूण हवी. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे दोन मागे लावा, पुढे नाही. यावर प्रत्येक कट्ट्यावर भांडण होतं, कारण आपल्या बहुतेक गाड्यांची ओढ पुढच्या चाकांवर असते. पण ओल्या वळणावर पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते आणि तुम्ही वेग कमी करून सावरू शकता. मागचं सुटलं तर गाडी गरकन फिरते. मापच बदलत असाल तर मात्र चारही एकदम बदला.

## ९. बसवण्याच्या दिवशी

१. नवी रिम चढवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायला लावा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की चाक तिरकं बसतं.

२. कड्या घाला. व्हॉल्व्ह नवे टाका. दाब मोजणारे सेन्सर जुन्या रिममध्ये असतील तर ते नव्यात घ्या. ते विसरून मीटरवर दिवा घेऊन घरी गेलेले लोक आहेत.

३. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. बाहेरची बाजू लिहिलेली असेल तर ती बाहेर. घाईत एक तरी उलटा चढतोच, म्हणून चारही बघा.

४. बॅलन्सिंगची वजनं अलॉयला आतून चिकटणारी लावा, कडेला ठोकायची नकोत.

५. सगळे नट आधी हाताने, निदान पाच-सहा फेरे. मग समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. शेवटचा आवळ गाडी जमिनीवर टेकवून, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळायचा पाना), पुस्तिकेतल्या आकड्यावर. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने नट आकड्यापेक्षा जास्त ओढला जातो. गनने "टर्रर्र" करून सोडलेले नट रस्त्यात पंक्चर झालं की तुमच्याकडच्या पान्याने सुटत नाहीत.

६. शेवटी अलाइनमेंट.

हवा: माप कंपनीच्या यादीतलं असेल तर त्या मापापुढचा दाब भरा. यादीत नसेल पण भारांक सारखा किंवा जास्त असेल, तर मूळ दाबापासून सुरुवात करा. दाब सकाळी, गाडी थंड असताना मोजा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना ३५ भरतो. तुमचा आकडा तुम्ही सांगा.

## १०. पहिले काही दिवस

पहिले २०० किलोमीटर सांभाळून, जोराचे ब्रेक आणि जोराची वळणं टाळून. नव्या रबराच्या पृष्ठभागावर साच्याचा बुळबुळीतपणा असतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. अलॉयवरचे नट पहिल्यांदा थोडे बसतात. हे काम फुकट असतं आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून मीटरशी ताडून बघा, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातला हिशेब बरोबर होता का ते कळेल. महिन्याभराने टायरवर हात फिरवा. बाहेरची किंवा आतली कड झिजतेय म्हणजे अलाइनमेंट, मधला भाग झिजतोय म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा झिजताहेत म्हणजे हवा कमी. नक्षी १.६ मिमीवर आली की टायर संपला. खाचांमधले छोटे उंचवटे तेच सांगायला असतात.

राहिली स्टेपनी. चौदाची जुनी पत्र्याची चाकं विकताना एक ठेवून द्या. १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ यांचा व्यास जवळजवळ सारखा असल्याने ते पंक्चर काढण्याच्या दुकानापर्यंत आरामात नेतं, फक्त ८० च्या वर जाऊ नका. आणि त्या चाकाचे चार मूळ नट एका पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा. नव्या अलॉयचे नट पत्र्याच्या रिमवर नीट टेकतीलच असं नाही, आणि वरंध घाटात रात्री साडेअकराला ते शोधून काढायची वेळ येते.